उभ्या उभ्या वाळलेली तुती

तुती पाडायचा दिवस मावल्युदाने ठरवला. ती कोकंदहून येणार, म्हणजे घरातलं काहीही तिच्या सवडीनेच व्हायचं. तिघा भावंडांत ती धाकटी, तरी यावर कधी कुणी वाद घातला नव्हता. मार्चचा शेवटचा आठवडा होता. जर्दाळूच्या पाकळ्या पाटाच्या पाण्यावरून वाहत चालल्या होत्या, शेजारच्या तुतींना कोंब आले होते, आणि या घरच्या अंगणातली मोठी तुती सलग तिसऱ्या वसंतात एकही पान न धरता उभी होती.

कागद हातात होता. जिवंत तुतीला करवत लावायला बंदी आहे, तिच्या पाल्यावर रेशीमकिडे जगतात म्हणून. वाळलेल्या झाडाला मात्र अर्ज केला की परवानगी मिळते. फेब्रुवारीत सरकारी दोन माणसं येऊन साल खरवडून गेली. आत ओल नव्हती. सही झाली.

मावल्युदाचा भाऊ सोतवोल्दी सकाळपासून झाडाभोवती फिरत होता. बोटाच्या पेराने खोडावर टिचकी मारी, कान लावी, दोन पावलं सरकून पुन्हा मारी. मर्गिलान शहरात दुतार हे दोन तारांचं वाद्य करणारे बरेच आहेत, पण या घराची गोष्ट वेगळी होती. बापाने केलेली दुतार दोन तारा छेडल्या की लोक नावानिशी ओळखत. सोतवोल्दीची दुतार हातात घेतली की म्हणत, चांगली आहे. हा फरक त्याला चाळीस वर्षं ऐकू येत होता. बाप म्हणायचा, शंभरी गाठून आपल्या मरणाने, उभ्या उभ्या वाळलेली तुती ज्याला मिळाली, त्याने पुढे काही मागू नये. ही तुती बापाच्या आजीने लावलेली. शंभरी तिने केव्हाच गाठली होती.

झुमराद कामाच्या खोलीच्या दारातून काकाकडे पाहत होती. ती थोरल्या भावाची, हमदमची मुलगी. हमदम जाऊन सहा वर्षं झाली. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला शिवणयंत्र घे म्हणून सांगितलं होतं, आणि अमाकीने, म्हणजे या काकाने, काही न सांगता तिच्या हातात लाकूड तासायची वाकस दिली होती. आता दुतारीचं पोट तीच तासायची. बाहेरगावचे पाहुणे आले की एक गोष्ट ती न चुकता सांगे. आमच्या घराने चार पिढ्यांत जिवंत झाडाला हत्यार लावलेलं नाही. डोंगरातल्या अक्रोडांच्या गाठी चोरून कापून आणणारा एकजण एकदा गाडी भरून दाराशी आला होता. बाकीचे कारागीर त्याच्यामागे धावत असताना अमाकीने त्याला चहा पाजला आणि गाडी होती तशी परत पाठवली. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे सांगताना तिचा आवाज चढत असे.

तिची आई इनोयत मात्र सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर आली नव्हती. पुलावासाठी गाजरं चिरत होती. पुरेशी झाली तरी चिरतच होती.

झाड आपण मारलं, असं इनोयत समजत होती. सून म्हणून आल्यापासून दर मे महिन्यात तिने त्या पाल्यावर किडे पोसले, कोश काहिलीत उकळून रेशीम काढलं, त्या रेशमाला पीळ घालून दुतारीच्या तारा केल्या. सासऱ्यासाठी केल्या, मग दिरासाठी. काहिलीतलं पाणी ती लांब पाटापलीकडे नेऊन टाकायची. तीन वर्षांपूर्वी एकदा गुडघा धरला होता म्हणून उकळतं, सोडा घातलेलं पाणी तिने तुतीच्या बुंध्याशीच ओतलं. एकदाच. पुढच्या वसंतात झाडाला पान आलं नाही. तिने सोतवोल्दीला विचारलं होतं, त्या पाण्यानेच ना रे? वहिनीला तो यांगा म्हणे; मान खाली घालून तो म्हणाला होता, "जाऊ द्या, यांगा. झालं ते झालं."

मग तिने मेंढी कापून गल्लीला खैरातीचं जेवण घातलं, दुआ मागितली, आणि काहील उलटी करून ठेवून दिली. दोन वर्षं किडे पाळले नाहीत. सोतवोल्दीला तारा बाहेरून आणाव्या लागल्या.

करवतवाला तोख्ता आणि त्याचा भाऊ आले. तोख्ता म्हणाला, बुंध्याचं लाकूड सगळ्यात मोलाचं, आधी मुळं मोकळी करू आणि मग पाडू. सोतवोल्दी म्हणाला, कशाला खणता, जमिनीलगत कापा. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. तोख्ताने लक्ष दिलं नाही. झाडाच्या बाबतीत मालकाचं ऐकायची त्याला सवय नव्हती.

वीत-दीड वीत माती निघाली. जाड मुळावर एक वाटोळा डाग दिसला, पैशाएवढा, मुळाच्या रंगाहून लालसर. पुढच्या मुळावर दुसरा. असे पाच निघाले.

"झुमराद, इकडे ये जरा," तोख्ता म्हणाला. "हे तुमच्या धंद्यातलं काहीतरी दिसतंय."

ती खड्ड्यात उतरली. डाग नव्हताच तो, खुंटी होती, मुळात ठोकून वर सपाट केलेली. पकडीने पिरगळून तिने एक बाहेर ओढली. जर्दाळूचं लाकूड, टोकाकडे निमुळतं, मेण लावून घट्ट बसवलेलं. दुतारीची तार पिळायची खुंटी असते, हुबेहूब तशीच. गिरमिटाने पाडलेलं भोक हातभर खोल गेलं होतं आणि आत पांढरं काहीतरी धरलं होतं. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं.

भोकं फक्त मुळांना होती, तीही मातीखाली. खोडाला ओरखडासुद्धा नव्हता. लाकडाची किंमत कळणाऱ्या माणसाशिवाय इतकी काळजी कुणी घेतली नसती. आणि अशी मऊसूत निमुळती खुंटी मर्गिलानात एकच माणूस करत होता. तिला करायला शिकवलं होतं त्याने.

तिने वर पाहिलं. सोतवोल्दी झाडाच्या शेंड्याकडे बघत उभा होता.

मावल्युदाला समजायला वेळ लागला नाही. ती खड्ड्याशी आली, पाचही खुंट्या काढून घेतल्या, आपल्या ओढणीच्या टोकात बांधल्या.

"तोख्ता-अका, तुम्ही काही पाहिलं नाही."

"पाहिलं तर आहे," तोख्ता म्हणाला. "बोलणार नाही, ती गोष्ट वेगळी."

मग त्याने करवत चालू केली. दुपारच्या आत तुती आडवी झाली, तिचे पाच मोठे ओंडके झाले, आणि तोख्ता जेवायला न थांबता निघून गेला. या घरात असं आजवर झालं नव्हतं.

मावल्युदाने झुमरादला जर्दाळूखाली गाठलं. तिचं म्हणणं सरळ होतं. दिलेला कागद खोटा ठरेल. चार पिढ्यांचं नाव जाईल. दुकान बंद झालं तर तू काय करणार, शिवणयंत्र? आणि तुझ्या आईला कळलं म्हणून झाड उठून उभं राहणार आहे का? मावल्युदा वाईट बाई नव्हती. बापाच्या घरावर तिचा जीव होता, आणि लांब राहणाऱ्यांचा जीव बहुधा नावावरच असतो.

झुमराद हो म्हणाली. हे ती पुढे कधी विसरली नाही. काकावर तिचा राग होता, पण त्या घटकेला तिला दिसत होते ते पाहुणे, आणि त्यांच्यासमोर आपण चढ्या आवाजात सांगितलेली ती गोष्ट. ती हो म्हणाली आणि हात धुऊन जेवायला गेली.

अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर दस्तरखान अंथरलं होतं. पुलावाचं मोठं ताट मध्ये ठेवून इनोयत बसली नाही, कडेला उभी राहिली. डोक्यावरची ओढणी सारखी करून म्हणाली की मला काही बोलायचंय, मावल्युदा आली आहे, सगळे समोर आहेत, तेव्हा आजच बोलते. तुमच्या पणजीने लावलेलं झाड माझ्या हातून गेलं. त्याच्या पाल्यावर माझा संसार चालला, आणि मी आळसापायी त्याच्या मुळावर उकळतं पाणी ओतलं. हमदम असता तर त्याची माफी मागितली असती. तो नाही, म्हणून तुमची मागते.

मावल्युदा ओढणीची गाठ मुठीत धरून बसली होती. झुमरादने नान मोडायला घेतली आणि तशीच हातात धरली. सोतवोल्दीने चहाचा पियाला उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. चहा हिंदकळून गुडघ्यावर सांडला.

बोलली ती सनोबर, सोतवोल्दीची बायको, जिचा कुणीच विचार केला नव्हता.

"ओपा, बसा," ती थोरल्या जावेला म्हणाली. "पाण्याने नाही मेलं ते. यांनी मारलं."

या दोन जावांचं पस्तीस वर्षांत कधी जमलं नव्हतं, आणि भांडणाचं मूळ ही तुतीच होती. पाला सगळा इनोयतचा. पिकलेली फळं मात्र सनोबरच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडायची. इनोयतने पाणी ओतलं त्याच वर्षी घरातले सगळे एका लग्नाला गेले होते. डोकं दुखतं म्हणून सनोबर भर दुपारी परतली आणि फाटकातून तिने नवऱ्याला बुंध्याशी गुडघ्यावर बसलेलं पाहिलं. हातात गिरमिट, शेजारी वाफाळती बादली. ती तशीच मागे फिरली. पुढच्या वसंतात झाड उघडंबोडकं राहिलं तेव्हा महिनाभर तिला बरंही वाटलं होतं. मग इनोयतने खैरातीचं जेवण घातलं, आणि सनोबरने त्या दिवशी भांडी घासली. तेव्हापासून तिला इनोयतच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. लोकांना वाटायचं, अजून भांडण चालूच आहे.

हे सगळं तिने चारचौघांत सांगितलं, अगदी बादलीसकट. मावल्युदाने दोनदा तिला थांबवायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिने ओढणीची गाठ सोडली आणि खुंट्या दस्तरखानावर ठेवल्या.

सोतवोल्दीने नाकारलं नाही. त्याला एकदम थकल्यासारखं झालं होतं, आणि थोडं सुटल्यासारखंही. तो सांगू लागला. तीन वर्षांपासून हात कापतात. हत्यार घट्ट धरलं की दिसत नाही, म्हणून दिवसभर घट्ट धरून असतो. जुनं लाकूड संपलं. बाजारात येतं ते कोवळं, नाहीतर डोंगरातलं चोरीचं, आणि चोरीचं लाकूड मी घरात घेतलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. एक दुतार करायची होती. बापासारखी. एकच. झाड म्हातारं झालंच होतं, पाचदहा वर्षांत आपोआप वाळलं असतं.

"मग थांबायचं होतंत," झुमराद म्हणाली.

"माझ्याकडे पाचदहा वर्षं नव्हती, पोरी."

"झाडाकडे होती ना, अमाकी."

इनोयत आता बसली होती. एक खुंटी हातात घेऊन बोटांनी फिरवत होती. ती या घरात आली तेव्हा सोतवोल्दी अकरा वर्षांचा होता, त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या.

"मी खैरात घातली, त्या दिवशी तूही दुआला हात वर केले होतेस," ती म्हणाली.

"केले होते, यांगा."

"काय मागितलंस?"

त्याने गुडघ्यावर सांडलेला चहा बाहीने पुसला.

"झाडाचं मी समजू शकते," इनोयत म्हणाली. "लाकडावाचून कारागिराचं काय होतं, ते मी सासऱ्यांच्या वेळेपासून बघतेय. पण दोन वर्षं मी या अंगणातून मान खाली घालून चालले. तू समोर बसून माझ्या हातची नान खात होतास."

ती उठली. ओंडक्यांकडे बोट दाखवून म्हणाली की या लाकडाला या घरातल्या कुणी हात लावायचा नाही. मग आत गेली. पुलाव तसाच थंड झाला.

कापलेल्या ओंडक्याची तोंडं त्याच दिवशी मेण किंवा सरस लावून बंद करावी लागतात. उभं झाड दोन वर्षं वाळलं तरी गाभ्यात ओल असते, आणि ती तोंडावाटे घाईने सुटली की लाकूड उलतं. हे घरात दोघांना पक्कं ठाऊक होतं. सोतवोल्दीने हात लावायचा नाही हा हुकूम मान राखून पाळला. त्याला वाटलं, निदान एवढं तरी पाळावं. झुमरादच्या हाताशी, फळीवरच मेणाचा डबा होता. ती रोज त्याच्याकडे पाहत होती. आईचा शब्द मोडायचा नाही, असं स्वतःशी म्हणत होती, पण खरं सांगायचं तर तिला काकाला ते बघायला लावायचं होतं.

तिसऱ्या दिवशी कोकंदचा वारा सुटला. कोरडा, खरखरीत, वसंतात येतो तसा, आणि आठवडाभर थांबला नाही. वारा सुटल्याच्या दुसऱ्या दुपारी पहिला ओंडका वाजला. कुणीतरी फळी मोडावी तसा आवाज झाला. सोतवोल्दी कामाच्या खोलीत बसला होता, तो उठून दारापर्यंत आला आणि परत जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन वाजले. पाचव्या दिवशी झुमराद न राहवून मेण वितळवून घेऊन गेली, तेव्हा भेगा गाभ्यापर्यंत गेल्या होत्या, बोट आत जाईल एवढ्या. ती तिथेच बसून रडली. इनोयत बाहेर आली. तिने भेगांवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे असं होणार, हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं, ओयी."

"मला का नाही सांगितलंस?"

झुमराद थिजत चाललेलं मेण ढवळत राहिली. इनोयतच्या ध्यानात आलं की आपणही विचारलं नव्हतं. पन्नास वर्षं कारागिरांच्या घरात काढून आपल्याला खरंच ठाऊक नव्हतं का, हा प्रश्न तिला नंतर बरेच दिवस छळत राहिला. एका माणसाने झाड मारलं होतं. ते वाया घालवलं सगळ्यांनी मिळून. शंभर वर्षांच्या तुतीतून शेवटी मूठभर घोड्या निघाल्या, तारांखाली ठेवायच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. बाकीचं सनोबरच्या तंदूरमध्ये गेलं. पाहुणे आले की झुमराद आता फक्त दुतार दाखवायची, लाकडाविषयी विचारलं तर जे घडलं ते सांगायची. काही जण वाद्य खाली ठेवून निघून जात. ती त्यांना अडवत नसे.

मे महिन्यात इनोयतने काहील सुलटी केली आणि किड्यांची अंडी आणली. अंगणात पाला उरला नव्हता. पहिल्या दिवशी ती शेजारणीकडे मागायला निघाली, तर दाराशी फांद्यांचा ओला भारा पडलेला. सोतवोल्दी सायकलवरून मोठ्या कालव्यापर्यंत गेला होता, तिकडे कडेच्या तुतींचा पाला छाटायला मुभा असते. तो रोज जाऊ लागला. कापत्या हातांनी कोयती चालवायची म्हणजे वेळ लागे. कधी बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. इनोयत भारा उचलून आत नेई. बोलत नसे.

किडे चौथ्यांदा कात टाकून उठले, त्यांना दिवसरात्र पाला लागू लागला, त्या दिवसांत तो भारा ठेवून लगेच गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"यांगा, माझ्यावर राजी व्हा," तो म्हणाला. मनात काही उरलं नाही, माफ केलं, असा याचा अर्थ; आमच्याकडे मरणापूर्वी माणसं एकमेकांकडून हे मागून घेतात. त्याला तर तेव्हा काहीच झालेलं नव्हतं.

इनोयत फांद्या पसरत होती. तिचा राग खरं तर ओसरत आला होता. तो उन्हात उभा आहे, शर्ट पाठीला चिकटलाय, हे तिला दिसत होतं.

"म्हणेन रे," ती म्हणाली. "पण आज नको. आज हे खायला मागतायत."

तो बरं म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

कोश निघाले, रेशीम निघालं, इनोयतने तारा पिळल्या आणि झुमरादच्या हाती कामाच्या खोलीत पाठवल्या. उन्हाळा गेला. मनात आलं की ती म्हणे, मी राजी आहे हे ईदला सांगू. ईदला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मग म्हणाली, मावल्युदा येईल तेव्हा सगळ्यांसमोर सांगू, म्हणजे त्याची मानही वर होईल. ऑक्टोबरात एका सकाळी सोतवोल्दीच्या छातीत दुखू लागलं. त्याला फरगान्याच्या इस्पितळात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणलं ते गाडीत आडवं झोपवून.

जनाजा फाटकाबाहेर ठेवला होता. गल्लीत पुरुष कमरेला शेले बांधून उभे होते, तोख्ताही होता. बायका फाटकाच्या आत. इमामाने विचारलं, माणूस कसा होता, कुणाचं त्याच्याकडे काही उरलं आहे का. चांगला होता, पुरुष म्हणाले, आम्ही राजी आहोत. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले. मग त्यांनी जनाजा खांद्यावर घेतला आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे झपाझप चालू लागले.

इनोयतचे ओठ हलले. "मी राजी आहे, सोतवोल्दी," ती म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या सनोबरलाच ते जेमतेम ऐकू आलं.

"जरा मोठ्याने म्हणा, ओपा," सनोबर म्हणाली.

तिने मोठ्याने म्हटलं. तोवर माणसं कोपऱ्यावरून वळली होती.